चर्चमध्ये ‘योग्य माणूस’ कसा ओळखतात? गुप्त प्रश्नावली, पेल्यातल्या चिठ्ठ्या आणि एका आईची निनावी पत्रं

८ मे २०२५ ची संध्याकाळ आठवतेय? व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि पुढचे दोन दिवस आपल्या सगळ्यांच्या टाइमलाइनवर एकच चेहरा होता. रॉबर्ट प्रीव्होस्ट, म्हणजेच पोप लिओ चौदावे. मतदान करणारे कार्डिनल होते १३३, जिंकायला हवी होती ८९ मतं आणि चौथ्या फेरीतच निकाल लागला. मतदारांमध्ये चार भारतीय होते, गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेराव त्यातले एक. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस मात्र मतदानाला नव्हते. कारण साधं होतं, वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मताचा अधिकार जातो आणि त्यांची ती काही महिन्यांपूर्वीच झाली होती.

‘पहिला अमेरिकन पोप’ ही हेडलाइन सगळीकडे चालली. आम्हीही चालवली. पण त्या गडबडीत एक गोष्ट फार कुणी सांगितली नाही. पोप होण्याआधी प्रीव्होस्ट नेमकं काय काम करायचे?

ते माणसं निवडायचे. २०२३ पासून ते व्हॅटिकनच्या त्या खात्याचे प्रमुख होते, जिथे जगातल्या बऱ्याचशा देशांमधल्या कॅथलिक बिशपांची नावं तपासली जातात. कुणाला बिशप करायचं, कुणाला नाही, याच्या फायली त्यांच्या टेबलावरून पोपकडे जायच्या. म्हणजे ज्याचं काम ‘नेता ओळखणं’ होतं, त्यालाच बाकीच्यांनी नेता म्हणून ओळखलं.

पण हे ओळखतात कसं? शिक्षण बघून? भाषण ऐकून? की देवाचा कौल मागून? आणि मुळात हे आपण का समजून घ्यायचं? कारण चर्चचा नेता म्हणजे फक्त रविवारी उपदेश करणारा माणूस नव्हे. लोक त्याच्यापाशी आपली पापं कबूल करतात. मुलं त्याच्या भरवशावर सोडतात. दानपेटी, शाळा, दवाखाना, जमिनी हे सगळं त्याच्या हातात असतं. निवड चुकली, तर किंमत कोण मोजतं ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती जेवणाच्या तक्रारीवरून

बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ नावाचं पुस्तक आहे. त्यात जेरुसलेममधल्या पहिल्यावहिल्या ख्रिस्ती मंडळीची एक अगदी गल्लीतली वाटावी अशी भानगड आहे. मंडळीत रोज विधवांना जेवण वाटलं जायचं. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की आमच्या विधवांना डावललं जातं आणि स्थानिक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना बरोबर मिळतं. थोडक्यात, रेशनचा घोळ.

येशूच्या बारा शिष्यांनी काय केलं? त्यांनी स्वतः कुणाला निवडलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातलेच सात जण तुम्हीच शोधा. अट काय? ज्यांच्याबद्दल लोक चांगलं बोलतात आणि जे शहाणे आहेत असे. लोकांनी सात जण निवडले. गंमत म्हणजे सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटावर अन्याय झाल्याची तक्रार होती, त्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप गेलं असावं, असा अर्थ अनेक अभ्यासक काढतात.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात पुढची जवळपास सगळी भांडणं दडलेली आहेत. निवडायचं कुणी? नेत्यांनी की लोकांनी? बघायचं काय? आणि कुणाकडे आपलं लक्षच जात नाही?

पंधरा अटी, त्यात कौशल्य एकच

‘बघायचं काय’ याचं उत्तर शोधायला जगभरातली चर्चेस आजही एक मजकूर उघडतात. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, तिसरा अध्याय. परंपरेनुसार हे पत्र प्रेषित पौलाचं. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांच्या मते ते त्याच्या नावाने नंतर कुणीतरी लिहिलं. ते काहीही असो, इफिस शहरातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळीसाठी ‘अध्यक्ष’ कसा असावा याची त्यात यादी आहे.

मी ती यादी पहिल्यांदा नीट वाचली, तेव्हा मला वाटलं होतं की चमत्कार, दर्शनं, साक्षात्कार असं काहीतरी असेल. तसलं काहीच नाही. दारूच्या आहारी गेलेला नसावा. मारहाण करणारा नसावा. भांडकुदळ नसावा. पैशाचा लोभी नसावा. एकाच स्त्रीचा पती असावा. घरी पाहुणा आला तर त्याचं नीट करणारा असावा. स्वतःचं घर धड चालवणारा असावा, कारण ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, असा प्रश्नच पत्रात विचारलाय. नुकताच विश्वासात आलेला नसावा, नाहीतर पद डोक्यात जाईल. आणि सगळ्यात शेवटी, मंडळीच्या बाहेरच्या लोकांमध्येही त्याचं नाव चांगलं असावं.

साधारण पंधरा अटी आहेत. त्यात ज्याला आपण ‘स्किल’ म्हणू अशी अट एकच, शिकवता येणं. बाकीचं सगळं स्वभाव आणि वागणूक.

आता जरा थांबून विचार करा. या गोष्टी इंटरव्ह्यूत कळतात का? माणूस घरी चिडला की काय करतो, पैसे समोर आले की कसा वागतो, हे त्याच्या बायोडेटात नसतं. ते बायकोला माहीत असतं. शेजाऱ्याला, दुकानदाराला, हाताखाली काम करणाऱ्याला माहीत असतं. म्हणजे ही यादी वापरायची तर जवळच्या माणसांना विचारावंच लागतं, आणि त्यांना खरं बोलता यावं लागतं. माझ्या मते या पूर्ण विषयाची मेख इथेच आहे. चर्चचा इतिहास बघितला तर निवड जिथे फसली, तिथे बहुतेक वेळा यादी चुकीची नव्हती. विचारणं चुकलं होतं, किंवा उत्तर देणारे गप्प बसले होते.

त्याच पत्रात आणखी एक बारीक सूचना आहे. कुणाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पदावर बसवायची घाई करू नका. आणि मंडळीच्या सेवकांना, ज्यांना डीकन म्हणतात, त्यांना आधी पारखून घ्या आणि मगच काम द्या. आजच्या भाषेत, प्रोबेशन.

‘मला नको’ म्हणणारे बिशप

पहिल्या काही शतकांत बिशप निवडताना गावातल्या लोकांचा आवाज मोठा असायचा. कधी कधी अक्षरशः मोठा. इसवी सन ३७४ मध्ये इटलीतल्या मिलानचा बिशप वारला. शहरात दोन गट, दोघांना आपापला माणूस हवा. दंगल होईल म्हणून त्या भागाचा रोमन गव्हर्नर अँब्रोस शांतता राखायला चर्चमध्ये गेला. तो बोलत असताना गर्दीतून आवाज आला, ‘अँब्रोस बिशप!’ (तो आवाज एका लहान मुलाचा होता अशी आख्यायिका आहे.) दोन्ही गटांनी तोच धोशा लावला. अडचण अशी, की अँब्रोसचा तोवर बाप्तिस्माही झाला नव्हता. त्याने टाळायचा खूप प्रयत्न केला. शेवटी आठवड्याभरात बाप्तिस्मा आणि पदग्रहण दोन्ही उरकलं, आणि पुढे तो चर्चच्या इतिहासातला एक मोठा बिशप ठरला.

‘नुकताच विश्वासात आलेला नसावा’ ही अट इथे सरळ मोडली होती, हे लक्षात आलं असेल. पण शहराने त्याला काही वर्षं गव्हर्नर म्हणून कारभार करताना पाहिलं होतं. परीक्षा आधीच झाली होती, फक्त वेगळ्या खुर्चीवर.

त्याच काळातल्या ऑगस्टीनची गोष्टही अशीच. जिथल्या बिशपची जागा रिकामी आहे त्या गावाला जायचं तो टाळायचा, कारण लोक धरून नेतील ही भीती. हिप्पो या गावात, म्हणजे आजच्या अल्जेरियात, बिशप होता म्हणून तो निर्धास्त गेला. तिथे ३९१ मध्ये लोकांनी त्याला चर्चमध्येच धरलं आणि धर्मगुरू करायला लावलं. तो रडला, असं त्याच्याविषयी लिहिलेलं आहे.

यातून एक समज रूढ झाला, की ज्याला पद हवंय तो संशयास्पद आणि जो नाही म्हणतो तो योग्य. आता हे पूर्ण खरं नाही. तीमथ्याच्या पत्रात तर अध्यक्षपदाची इच्छा धरणं चांगलंच म्हटलंय. शिवाय ‘नको नको’ म्हणण्याचंही नाटक करता येतं, आपल्याकडच्या राजकारणात ते आपण भरपूर बघतो.

माणसांच्या इच्छेचा भाग कमी करायचा एक वेगळाच मार्ग इजिप्तच्या कॉप्टिक चर्चने ठेवलाय. ४ नोव्हेंबर २०१२ ला कैरोतल्या कॅथीड्रलमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक लहान मुलगा पुढे आला. काचेच्या पेल्यात तीन नावं होती. त्याने एक उचललं आणि तावाद्रोस दुसरे हे पूर्वाश्रमीचे फार्मासिस्ट कॉप्टिक पोप झाले. ‘एवढ्या मोठ्या पदासाठी चिठ्ठ्या?’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. पण चिठ्ठीपर्यंत पोहोचलेली तीन नावं दोन हजारांहून जास्त मतदारांनी निवडलेली होती. आधी माणसांनी पारखायचं, शेवटचा निर्णय देवावर सोडायचा. बायबलमध्येही असंच घडलंय. यहूदाच्या जागी बारावा शिष्य घ्यायचा होता, तेव्हा आधी दोन लायक माणसं उभी केली आणि मग चिठ्ठीने मत्थियाची निवड झाली.

आज कॅथलिक चर्चमध्ये नेमकं काय होतं?

आधी साधा धर्मगुरू, म्हणजे आपण ज्यांना ‘फादर’ म्हणतो ते. मुलगा सेमिनरीत जातो. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास. वयाची २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दीक्षा नाही. त्याआधी डीकन म्हणून किमान सहा महिने. या काळात फक्त पेपर तपासत नाहीत. तो इतरांसोबत कसा राहतो, चूक दाखवली तर कसं घेतो, स्त्रियांशी आणि मुलांशी कसा वागतो, हे बघणं अपेक्षित असतं. २०१६ साली व्हॅटिकनने सेमिनरीसाठी जो नवा आराखडा काढला, त्यात ‘माणूस म्हणून घडण’ हा अभ्यासाइतकाच महत्त्वाचा भाग धरलाय.

मग येतो माझ्या मते सगळ्यात रंजक टप्पा. अनेक ठिकाणी दीक्षेपूर्वी त्या तरुणाचं नाव त्याच्या चर्चमध्ये जाहीर केलं जातं. लग्नाआधी वधूवरांची नावं पुकारतात ना, तसंच. याच्या दीक्षेला काही अडचण आहे असं कुणाला माहीत असेल तर सांगा. चर्चच्या कायद्यानुसार अशी अडचण माहीत असलेल्या श्रद्धावंताने ती दीक्षेआधी सांगणं हे त्याचं कर्तव्यच आहे. एका मित्राच्या चुलतभावाच्या दीक्षेसाठी मी वसईला गेले होते. गावजेवणासारखी गर्दी, बँड, फोटो. पण विधीच्या सुरुवातीलाच बिशपने विचारलं, हा लायक आहे हे तुम्हाला माहीत आहे का? आणि त्याला घडवणाऱ्या धर्मगुरूंनी उत्तर दिलं, की लोकांकडे चौकशी करूनच सांगतोय. इतक्या जल्लोषात तो प्रश्न कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तो विचारावाच लागतो.

बिशपचं प्रकरण मात्र बंद दाराआडचं. कायद्यातल्या किमान अटी अशा: वय ३५, धर्मगुरू म्हणून पाच वर्षं, धर्मशास्त्रात वरची पदवी किंवा तेवढं ज्ञान, आणि चांगलं नाव. एका विभागातल्या बिशपांनी किमान तीन वर्षांतून एकदा योग्य वाटणाऱ्या धर्मगुरूंची यादी करायची असते. जागा रिकामी होणार असली की त्या देशातला पोपचा राजदूत कामाला लागतो. तो निवडक लोकांना एक प्रश्नावली पाठवतो. तब्येत कशी आहे, स्वभाव कसा, पैशाचा व्यवहार कसा, लोकांत मान आहे का, कधी काही कुजबुज ऐकलीय का. यात बिशप असतात, धर्मगुरू असतात, कधी सामान्य श्रद्धावंतही असतात. आणि हे सगळं ‘पोपच्या गुप्ततेखाली’. तुम्हाला पत्र आलं होतं, हेसुद्धा तुम्ही कुणाला सांगायचं नाही. ज्याच्याबद्दल विचारलंय त्याला तर नाहीच. शेवटी तीन नावं रोमला जातात. भारतासह आशिया-आफ्रिकेतल्या बहुतेक जागांची फाईल सुवार्ताप्रसाराच्या खात्यातून फिरते, प्रीव्होस्ट यांच्याकडे जे खातं होतं त्यातून नाही. अंतिम शब्द पोपचा.

गुप्ततेचं कारण समजण्यासारखं आहे. लोकांनी मोकळेपणाने लिहावं, लॉबिंग होऊ नये, ज्याचं नाव मागे पडलं त्याची बदनामी होऊ नये. पण बंद दाराची दुसरी बाजू काय असते?

मॅकॅरिक प्रकरण: चौघांना विचारलं होतं

थिओडोर मॅकॅरिक. अमेरिकेतले आर्चबिशप. हुशार, अनेक भाषा बोलणारे, नेत्यांमध्ये ऊठबस, आणि चर्चसाठी निधी गोळा करण्यात प्रचंड वाकबगार. १९९९-२००० च्या सुमारास त्यांचं नाव मोठ्या पदांसाठी चर्चेत होतं. तेव्हा न्यूयॉर्कचे कार्डिनल जॉन ओकॉनर यांनी मृत्यूच्या काही महिने आधी पोपच्या राजदूताला एक पत्र लिहिलं. मॅकॅरिक तरुण सेमिनरी विद्यार्थ्यांना आपल्यासोबत एकाच बिछान्यावर झोपायला लावतात अशा गोष्टी कानावर आहेत, त्यांना बढती देऊ नका, असा त्याचा आशय.

म्हणजे यंत्रणेने धोक्याची घंटा वाजवली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी चौकशीही करायला सांगितली. पोपच्या राजदूताने न्यू जर्सीतल्या चार बिशपांना लेखी विचारलं. चौघांनीही उत्तर दिलं. पुढे २०२० मध्ये व्हॅटिकननेच या प्रकरणाचा साडेचारशे पानांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात लिहिलंय की चारपैकी तिघांनी दिलेली माहिती चुकीची आणि अपुरी होती. दरम्यान मॅकॅरिक यांनी पोपच्या सचिवाला पत्र लिहून आपण कधीच कुणाशी शरीरसंबंध ठेवले नाहीत असं सांगितलं. पोपनी त्यावर विश्वास ठेवला. नोव्हेंबर २००० मध्ये ते वॉशिंग्टनचे आर्चबिशप झाले, २००१ मध्ये कार्डिनल.

२०१८ मध्ये अल्पवयीन मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप विश्वासार्ह ठरला आणि त्यांना कार्डिनलपद सोडावं लागलं. २०१९ मध्ये चर्चने त्यांचं धर्मगुरूपदच काढून घेतलं. २०२५ मध्ये ते वारले.

या अहवालातला एक भाग वाचून मी लॅपटॉप बंद करून बाहेर गेले होते. त्यात एका आईची साक्ष आहे, नाव दिलेलं नाही. मॅकॅरिक तिच्या घरी यायचे, मुलं त्यांना काका मानायची. आपल्या मुलांना ते ज्या पद्धतीने स्पर्श करत होते ते तिने डोळ्यांनी पाहिलं. हे साल १९८० च्या दशकातलं आहे. तिने अमेरिकेतल्या चर्चच्या वरिष्ठांना पत्रं लिहिली, पण निनावी, कारण कुटुंबाला त्रास होईल ही भीती होती. त्या पत्रांचं पुढे काय झालं याचा पत्ता लागला नाही. अहवाल तयार करताना त्यांच्या प्रतीही सापडल्या नाहीत.

तीमथ्याच्या पत्रातली अट आठवा, बाहेर नाव चांगलं असावं. मॅकॅरिक यांचं नाव फार चांगलं होतं. खरं काय ते घरात उभ्या असलेल्या त्या बाईला माहीत होतं. प्रश्नावली तिच्याकडे कधी गेलीच नाही. ज्यांच्याकडे गेली, त्यांच्यातल्या तिघांनी धड सांगितलं नाही.

हा फक्त कॅथलिकांचा रोग आहे असं समजू नका. मद्रासमध्ये जन्मलेले रवी झकारिया हे इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगातले मोठे वक्ते. विद्यापीठांच्या सभागृहांत त्यांना ऐकायला गर्दी व्हायची. त्यांच्यावर एका महिलेने आरोप केले तेव्हा संस्थेने त्यांचीच बाजू घेतली. मे २०२० मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालातून अनेक वर्षांचं लैंगिक गैरवर्तन समोर आलं. यादीतलं एकमेव कौशल्य, शिकवता येणं, त्यांच्याकडे ओसंडून वाहत होतं. त्या एका गुणाच्या झगमगाटात बाकीच्या चौदा अटी कुणी तपासल्या?

ज्यांच्याकडे लक्षच गेलं नाही

आतापर्यंत चुकीच्या माणसाला खुर्ची मिळाली त्याबद्दल बोललो. उलटंही होतं. योग्य माणूस समोर असतो आणि निवडणाऱ्याला दिसत नाही.

भारतात अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप झाला तो २९ डिसेंबर १९१२ ला, कलकत्त्यात. व्ही. एस. अझरया, तमिळनाडूतल्या एका खेड्यातल्या पाळकाचा मुलगा. तोवर भारतात इंग्रज बिशप येऊन शंभर वर्षं होत आली होती. शंभर वर्षांत एकही भारतीय लायक नव्हता? अझरयांच्या निवडीला काही युरोपियन मिशनऱ्यांचा विरोध होता. एक भारतीय गोऱ्यांवर अधिकार कसा चालवणार, हा मूळ प्रश्न. काही भारतीय ख्रिस्ती लोकांचाही विरोध होता, त्यात जातीचा भाग होता. अझरयांनी दोर्नाकलला, म्हणजे आजच्या तेलंगणात, ३० वर्षांहून जास्त काम केलं. आणि हे वाचून मला धक्का बसला, १९४५ मध्ये वारेपर्यंत एखाद्या अँग्लिकन धर्मप्रांताचा प्रमुख असलेले ते एकमेव भारतीय बिशप होते. एक नेमला आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

आपल्याकडे अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये हे जरा लवकर सुरू झालं. १८५० च्या दशकात हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. अमेरिकेतल्या मुख्य मंडळाचे सचिव रूफस अँडरसन यांचा आग्रहच होता, की मंडळ्यांनी स्वतःचा कारभार, खर्च आणि प्रसार स्वतः सांभाळावा. पण पगार मिशनचा तोवर मान मिशनऱ्याचा, ही कुरकुर पुढेही राहिली. कवी ना. वा. टिळक १९०४ मध्ये पाळक झाले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पद सोडल्यावरही लोक त्यांच्या मागे आलेच.

आणि पंडिता रमाबाई? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुली त्यांच्या शब्दावर जगत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं. दीक्षा त्यांना कुणी दिली नाही. त्या काळात बाई पाळक होईल असा विचारही बहुतेक चर्चेसना शिवला नव्हता. ‘एकाच स्त्रीचा पती’ या अटीवर बोट ठेवून आजही अनेक चर्चेस स्त्रियांना पद देत नाहीत, कॅथलिक चर्च तर धर्मगुरू करतच नाही. बाकीच्यांचं चित्र बदलतंय. चर्च ऑफ साऊथ इंडियाने २०१३ मध्ये नंद्यालला पहिली महिला बिशप नेमली, ई. पुष्पा ललिता. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या चर्चने कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर केलं. त्या आधी नर्स होत्या, इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी. ज्यांच्या जागी त्या आल्या, ते जस्टिन वेल्बी एका अत्याचार प्रकरणाची दखल नीट घेतली नाही म्हणून पायउतार झाले होते.

मग सरळ निवडणूकच का घेत नाहीत?

घेतात की. प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये मतदान नवं नाही. सहा चर्चेस एकत्र येऊन १९७० साली आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तिथे आणि दक्षिणेतल्या चर्चमध्येही निर्वाचित प्रतिनिधींना मोठा अधिकार आहे. पण जिथे मत आलं तिथे पॅनल आलं, गट आले, जात आली आणि चर्चच्या जमिनींवर डोळा असणारेही आले. चर्च ऑफ साऊथ इंडियाच्या प्रमुखाच्या निवडीचा वाद मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ग्रामपंचायतीची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

पण मतदानाला नावं ठेवताना एक विसरू नये. पाचव्या शतकातल्या पोप लिओ पहिले यांनीच लिहून ठेवलंय, की ज्याला सगळ्यांवर नेमायचं त्याच्या निवडीत सगळ्यांचा सहभाग हवा.

आता काय बदललंय?

मॅकॅरिक प्रकरणानंतर, मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नवा कायदा आणला. अत्याचाराची माहिती मिळाली तर धर्मगुरू आणि नन्सनी ती कळवलीच पाहिजे, बिशपविरुद्धच्या तक्रारीचीही चौकशी कशी होईल याची पद्धत ठरवली. प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदवायची सोय हवी, तक्रार करणाऱ्याला त्रास देता येणार नाही आणि गप्प राहायला सांगता येणार नाही. २०२३ मध्ये तो कायमचा केला.

आणि जुलै २०२२ मध्ये एक छोटी बातमी आली होती. बिशप निवडणाऱ्या खात्याच्या सदस्यांमध्ये फ्रान्सिस यांनी पहिल्यांदाच तीन स्त्रिया नेमल्या. दोन नन्स आणि एक सामान्य श्रद्धावंत. पुढच्याच वर्षी त्या टेबलाच्या प्रमुखपदी प्रीव्होस्ट आले. म्हणजे जगातल्या कुठल्याशा गावातून आलेली एखाद्या धर्मगुरूची फाईल, त्याच्या रागाबद्दल, पैशाबद्दल आणि कानावर आलेल्या कुजबुजीबद्दल कुणीतरी लिहिलेली उत्तरं, २०२२ नंतर या तिघीही वाचू लागल्या.